वाहता धातू आणि वाकता गुडघा

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या बाईंनी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा विषयही त्यांनीच ठरवून आणला होता. ‘विज्ञानाच्या वाटेवरची स्त्री’. मी त्यांना म्हटलं, अहो, माझी वाट डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या फेज दोनची होती, तिच्यावर हे एवढाले खड्डे होते आणि मी ती शेअर रिक्षाने पार करायचे. त्यावर त्या म्हणाल्या, मग तुम्हाला हवं ते लिहा, फक्त वेळेवर द्या. तेव्हा हा लेख एका धातूबद्दल आणि एका गुडघ्याबद्दल आहे. धातू माझ्या कामाचा आणि गुडघा माझ्या नवऱ्याचा. प्रेरणा कुठे सापडलीच तर ज्याची त्याने उचलून न्यावी.

आधी काम सांगते. मी रबरात धातू भरायचे.

हे वाक्य मी आठ वर्षं लग्नामुंजीत, हळदीकुंकवात, दवाखान्याच्या बाकावर सांगत आले आणि समोरचं माणूस दर वेळी “हो का, छान” म्हणून विषय बदलत आलं. म्हणून जरा सविस्तर सांगते. गॅलियम नावाचा एक धातू असतो. तळहातावर धरला तर तुपासारखा वितळतो. त्यात इंडियम नावाचा दुसरा धातू ठरावीक प्रमाणात मिसळला, की ते मिश्रण साध्या खोलीतसुद्धा पातळच राहतं. दिसायला पाऱ्यासारखं चकचकीत, पण पाऱ्यासारखी विषारी वाफ सोडत नाही. आणि धातूच तो, त्यामुळे त्यातून वीज जाते.

आता तुमच्या मोबाइलच्या चार्जरची वायर आठवा. मानेपाशी वाकून वाकून आतली तार तुटते आणि मग आपण ती एका विशिष्ट कोनात धरून श्वास रोखून बसतो. पातळ धातूची तार तुटणार कशी? मऊ सिलिकॉन रबराच्या पट्टीत केसाहून थोडी जाड नळी ठेवायची, तिच्यात हा धातू भरायचा आणि दोन्ही तोंडं बंद करायची. मग पट्टी ताणा, पिळा, दुमडा, आतला धातू निमूट तिच्याबरोबर जातो. पट्टी ताणली की नळी लांब आणि बारीक होते, विजेला अडथळा वाढतो. तो अडथळा मोजला की पट्टी किती ताणली ते कळतं. बोटावर बांधली तर बोट किती वाकलं ते कळतं, छातीवर बांधली तर श्वास किती घेतला ते कळतं. एवढंच आहे. एवढ्यासाठी आमच्या केतकी मॅडम परदेशात जाऊन पीएचडी करून आल्या आणि डोंबिवलीत एक गाळा घेऊन बसल्या.

मी त्याआधी बावीस वर्षं एका मीटरच्या कारखान्यात सोल्डरिंग करत होते. तो बंद पडला आणि मी घरी बसले. मॅडमना बारीक हाताचं माणूस हवं होतं. मुलाखतीत त्यांनी माझ्यासमोर रबराची पट्टी आणि धातूने भरलेली सिरिंज ठेवली. पट्टीच्या एका टोकाला सुई टोचून धातू आत ढकलायचा आणि दुसऱ्या टोकाला दुसरी सुई टोचून आतल्या हवेला वाट करून द्यायची. एक बुडबुडा राहिला तरी पट्टी मेली. माझ्याआधी दोन इंजिनिअर येऊन बुडबुडे सोडून गेले होते. मी पहिल्याच फटक्यात भरली. मॅडम म्हणाल्या, “ताई, हे कुठे शिकलात?” मी म्हटलं, “करंज्या. आत हवा राहिली की तळणात फुटतात.” मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

सुया काढल्या की मागे दोन भोकं राहतात. त्यांच्यावर पातळ रबराचा एकेक थेंब ठेवायचा आणि पट्टी पूर्ण एक दिवस तशीच सुकू द्यायची. तो थेंब वरून सुकलेला दिसतो आणि आतून ओला असतो. घाई केली की तिथूनच गळती. मी आठ वर्षांत घाई केली नाही. “माझी पट्टी गळत नाही” हे मी इतक्या वेळा आणि इतक्या लोकांना सांगितलं होतं की आमच्या ह्यांना ते पाठ झालं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

या धातूला एकच वाईट खोड. त्याला अ‍ॅल्युमिनियम दिसलं की राहवत नाही. लोखंडी टेबलावर, काचेवर, प्लास्टिकच्या डबीत तो अगदी शहाण्यासारखा वागतो. पण अ‍ॅल्युमिनियमवर एखादा ओरखडा असेल आणि तिथे ह्याचा थेंब लागला, तर तो आत झिरपतो आणि दाणा दाणा सुटा करत जातो. वरून वस्तू होती तशी दिसते. हात लावला की खारी बिस्किटासारखी तुटते. हे ज्ञान आम्हाला पुस्तकातून मिळालं नाही, चहावाल्याच्या किटलीतून मिळालं. त्याने एकदा भरली किटली माझ्या टेबलावर ठेवली, तिथे थेंब सांडलेला होता, तो त्याच्या बोटांना लागून दांड्याच्या सांध्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना चहा ओतताना दांडा त्याच्या हातात आणि किटली मॅडमच्या बुटावर. चहावाला हातातल्या दांड्याकडे बघत म्हणाला, “मॅडम, आई शप्पथ, मी फक्त उचललेली!”

त्यानंतर दारावर पाटी लागली: ‘अ‍ॅल्युमिनियम व सोने बाहेर.’ सोनं अशासाठी, की हा धातू सोन्यालाही चिकटून त्याची वाट लावतो. मी रोज सकाळी मंगळसूत्र काढून दाराशी प्लास्टिकच्या डबीत ठेवायचे आणि संध्याकाळी घालायचे. एकदा विसरून तशीच घरी गेले. सासूबाईंनी गळ्याकडे बघितलं आणि त्यांचा घास हातातच राहिला. हे मात्र मान खाली घालून आमटी ओरपत म्हणाले, “आई, तिच्या कामाला चालत नाही ते.” विषय संपला. माझ्या कामावर त्यांनी केलेलं ते सर्वांत लांब भाषण.

गिऱ्हाइकं एकाहून एक. विठ्ठलवाडीचे एक पँटवाले आले होते. त्यांना पँटच्या कमरेत आमची पट्टी हवी होती. गिऱ्हाइकाचं पोट वाढलं की पट्टीने दुकानात निरोप धाडायचा आणि पँटवाल्यांनी लगेच फोन करायचा, ‘साहेब, नवीन माल आलाय.’ मॅडमनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. शीळफाट्याचा एक जिमवाला मात्र चिवट निघाला. दंडावर पट्टी बांधायची, दंड फुगवला की भिंतीवरच्या पडद्यावर आकडा दिसायचा, अशी त्याची कल्पना. तोवर ठीक होतं. मग तो खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, “मॅडम, आकडा जरा मोठा दाखवता येईल का? पोरं खूश होतात.” मॅडम म्हणाल्या, “आमची वस्तू ताणली तेवढंच सांगते.” तो माझ्याकडे वळला, “मावशी, तुम्ही तरी समजवा.” मी म्हटलं, “दादा, मी तर फक्त भरते.” पण मला मॅडमचं ते बोलणं फार आवडलं. मी ते घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे हसले आणि म्हणाले, “बरोबर आहे.”

आता गुडघ्याकडे येते.

आमचे हे मूळचे ठाण्याचे, खोपटचे. तिथेच बस डेपोत मेकॅनिक होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. लग्नानंतर आम्ही डोंबिवलीला आलो, पण दहीहंडीला ह्यांचा जीव खोपटच्या मंडळात. चौतीस वर्षं एकही हंडी चुकवलेली नाही. तरुणपणी वरच्या थराला चढायचे. मग वय आणि वजन वाढलं तसे एकेक थर खाली आले. शेवटी सगळ्यांत खालच्या थरात आले आणि तिथेच राहिले, कारण त्याखाली जमीन होती. खालच्या थरात मधला गोल धरून आठ जण उभे राहतात. बाकी सगळं त्यांच्या खांद्यांवर. तिथे ह्यांना ‘नंदूदादा खांब’ म्हणत. हे शब्द कुणी उच्चारले की हे खुर्चीत बसल्या बसल्यासुद्धा ताठ व्हायचे.

गुरुपौर्णिमेला सराव सुरू झाला आणि त्याच आठवड्यात मंडळाचा प्रशिक्षक सुजय आमच्या गाळ्यात येऊन उभा राहिला. तिशीतला, दणकट. ह्यांच्याच खांद्यावर चढून शिकलेला. दारावरची पाटी वाचून त्याने आधी हातातलं कडं काढलं, मग इकडे तिकडे बघून म्हणाला, “वहिनी, दादांचा गुडघा गेलाय.”

“कुणी सांगितलं?”

“वाजतो. मी त्यांच्या खांद्यावर उभा असतो ना, मला पायातून कळतं. कट-कट करतो.”

“मग सांग त्यांना.”

“मी? वहिनी, मला थर लावायला त्यांनी शिकवलं. मी कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही सांगा.”

“मी तीस वर्षं सांगत्येय. एक तरी गोष्ट ऐकलीये का त्यांनी?”

सुजयने टेबलावरच्या पट्टीकडे बोट केलं. “मग हिला सांगू दे.”

कल्पना अशी की मधल्या गोलातल्या आठही जणांच्या गुडघ्यांवर पट्टी बांधायची, म्हणजे ह्यांना एकट्याला धरलं असं वाटणार नाही. कमरेला काडेपेटीएवढी डबी. सुजयच्या हातात आठ दिव्यांचा खोका. गुडघा ठरलेल्या मापापेक्षा जास्त वाकला की पट्टी ताणणार आणि त्या नंबरचा दिवा लागणार. दिवा लागला की थर उतरवायचे, वाद नाही. सर्वांत वर चढणारी रिया, अकरावीतली. तिला हेल्मेट असतं, दोरी असते, पण तिची आई दर सरावाला मैदानाच्या कडेला उभी राहून ओढणीचं टोक चावत असते. खालचा एक गुडघा सुटला तर काय होतं हे मी मुद्दाम लिहीत नाही.

मॅडम खूश झाल्या. घरी हे मात्र विचारात पडले.

“दिवा लागला की उतरायचं म्हणजे? वरचे उतरतील. खालच्याने कुठे उतरायचं?”

“बाजूला व्हायचं.”

त्यांनी पेपर उचलला. मग पेपर उलटापालटा करत म्हणाले, “अगं, माझा दिवा जरा उशिरा लागेल असं काही करता येतं का?”

“शीळफाट्याच्या जिमवाल्याला काय सांगितलं होतं आम्ही?”

“तो परका होता.”

मी नाही म्हटलं. जेवताना त्यांनी भाताला नावं ठेवली. भात बरा झाला होता.

रविवारी सकाळी खोपटच्या मैदानात पहिली चाचणी झाली. मी आठही जणांना पट्ट्या देऊन गुडघ्यावर कशा चढवायच्या ते दाखवलं. हे म्हणाले, मी माझी आडोशाला जाऊन चढवतो, लाज वाटते, आणि वर लांब पँट घालून आले. चौतीस वर्षं हजारो लोकांसमोर हाफ पँटमध्ये उभा राहिलेला हा माणूस. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी खोक्याच्या वायरी बघत होते.

थर लागले. दोन, तीन, चार. पाच नंबरचा दिवा लुकलुकला, मग आठचा. दोघेही पंचविशीतले तगडे. ह्यांचा तीन नंबर. तीनचा दिवा काळा ठिक्कर. सुजय माझ्याकडे बघतोय, मी सुजयकडे बघत्येय. नियमाप्रमाणे थर उतरवले आणि हे छाती काढून आमच्याकडे आले.

“काय म्हणतंय मशीन?”

“काही नाही म्हणत,” सुजय पडलेल्या आवाजात म्हणाला.

“मग?” असं म्हणून ह्यांनी अख्ख्या मंडळाला वडापाव सांगितले. परतताना रिक्षावाल्याला सांगितलं, समोरच्या पानवाल्याला सांगितलं, आमच्या बिल्डिंगमध्ये तर प्रत्येक मजल्यावर थांबून सांगितलं. “हिच्याच मशीनने सर्टिफिकेट दिलं.” प्रत्येक मजल्यावर थांबण्याचं कारण तेवढंच नव्हतं, पण ते मला नंतर कळलं.

मी चिडले. नवरा तंदुरुस्त निघाला याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही, हे कबूल करते. माझ्या डोक्यात एकच होतं, की माझी पट्टी मेलेली होती. सोमवारी कामावर नेऊन तपासली. ठणठणीत! तरी पटेना. बुधवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी रागारागाने नवीन पट्टी भरली, आणखी बारीक नळीची, गुडघा जरा हलला तरी ओरडेल अशी. भोकांवर थेंब ठेवले. पूर्ण दिवस सुकू द्यायला हवी होती. मी ती तशीच डबीत घालून घरी आणली आणि गुरुवारी सकाळी ह्यांच्या हातात दिली. आठ वर्षांत पहिल्यांदा. वरून सुकलेली दिसत होती.

“ही बांधा आता,” मी म्हटलं, “आणि रविवारपर्यंत काढू नका. अंगाला सवय होऊ दे.”

“वा, का नाही!” ते म्हणाले, आणि आंघोळ सोडली तर खरंच त्यांनी ती काढली नाही. पूर्ण लांबीच्या ट्रॅक पँटमध्ये हिंडत होते. ऐन श्रावणात, घामाच्या धारा लागलेल्या. मला नळीतला केसाएवढा बुडबुडा दिसतो, पण घरात एरवी अर्ध्या चड्डीत वावरणारा नवरा चार दिवस लांब पँटमध्ये आहे आणि एक पाय ताठ टाकतोय हे दिसलं नाही. ह्या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरा रविवार. थर लागायला लागले. हे मधल्या गोलात, तीन नंबर. चार थर पूर्ण झाले, पाचव्यावर रिया चढत होती. तेवढ्यात खालून आवाज आला. कट् असा, मोठा. त्याच क्षणी तीनचा दिवा लागला, चांगला लालबुंद. सुजय ओरडला, “उतरा! उतरा!” रिया दोरीवर, तिच्याखालचे दोघे, मग चौघे, सगळे शिस्तीत उतरले. ह्यांचा पाय लटलटत होता, पण दोन्ही बाजूंच्या पोरांनी त्यांना खांद्यात घट्ट धरून ठेवलं होतं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गोल सुटला आणि हे मैदानात मटकन खाली बसले.

आणि त्यांच्या पँटच्या पायातून करड्या रंगाचे तुकडे पडायला लागले.

“आयला, दादांचं हाड!” कुणीतरी किंचाळलं. “हाड पडतंय दादांचं!”

रियाच्या आईने ओढणी तोंडातून काढून देवाचं नाव घेतलं. एकाने ते तुकडे गोळा करायला रुमाल पसरला, डॉक्टरांना लागतील म्हणून. पाच नंबरचा तगडा गडी चक्कर येऊन आडवा झाला. मी धावत गेले, एक तुकडा उचलला, बोटांनी चुरला आणि मला किटली आठवली.

“हाड नाही रे!” मी ओरडले. “अ‍ॅल्युमिनियम आहे!”

नंदूदादांच्या पायात अ‍ॅल्युमिनियम आहे ही बातमी हाडापेक्षा मोठी होती.

मी पँट वर सरकवली. आत एक सापळा होता. जुन्या बसच्या खिडकीला असते ती अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, दोन्ही अंगांना उभी, जुन्या चामड्याच्या पट्ट्याने मांडीला आणि पोटरीला बांधलेली. ह्यांनी स्वतः केलेला. डेपोतल्या भंगारातून उचललेल्या पट्ट्या, कडा कानशीने घासून गोल केलेल्या, पोटरीला टोचू नयेत म्हणून. रिव्हेट एकसारखे, एका रेषेत. हा चढवला की गुडघा वाकतच नव्हता. वाकणार नाही तर माझी रबराची पट्टी ताणणार कशी, आणि दिवा लागणार कसा? दोन्ही सराव त्यांनी असेच काढले होते, आणि नवी पट्टी घरातही चुगली करेल म्हणून हे चार दिवस सापळा घरातसुद्धा चढवून ठेवला होता. मीही बावीस वर्षं हातानेच काम केलेली बाई आहे, चांगलं काम मला दिसतं. ते फार चांगलं काम होतं. सापळ्याची उजवीकडची पट्टी शाबूत होती. डावीकडची, जिथे माझ्या पट्टीचं भोक टेकत होतं, तिथपासून भुगा झाली होती. माझ्या ओल्या थेंबातून धातू गळला, ताज्या घासलेल्या कडेला लागला आणि तीन दिवस ह्यांच्या घामात आणि उबेत आरामात जेवला.

मला खूप राग आला होता. सगळ्यांसमोर म्हटलं, “तुम्हाला किटलीची गोष्ट माहीत होती ना? शंभर वेळा सांगितलीये मी. ह्याच्याजवळ अ‍ॅल्युमिनियम न्यायचं नाही, माहीत होतं ना?”

“होतं.”

“मग?”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की ह्यात विचारण्यासारखं काय आहे.

“तूच सांगतेस ना, तुझी पट्टी गळत नाही.”

मी तिथेच मातीत बसले आणि रडायला लागले, आणि मग मधेच मला हसायला यायला लागलं, कारण तो रुमालवाला अजून तुकडे गोळा करत होता. हे माझ्या पाठीवर थोपटत राहिले. “जाऊ दे गं,” म्हणाले, “स्टीलचं करायला हवं होतं.”

मॅडमनी सोमवारी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या रचनेत एक सोय होती. आतला धातू गळून गेला आणि वीज तुटली, तरीही दिवा लागतो. त्यामुळे त्या दिवशी तीनचा दिवा गुडघा वाकला म्हणून लागला की माझी पट्टी फुटली म्हणून लागला, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. आमच्याकडे बिघडलेल्या प्रत्येक पट्टीची वहीत नोंद करावी लागते. ‘कारण’ या रकान्यासमोर मी बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी लिहिलं, ‘भरणारी रागात होती.’ मॅडमनी खाली सही केली.

डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढून सांगितलं, खांब वगैरे विसरा. हे दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सुजय घरी आला, बूट काढून ह्यांच्या पायाशी जमिनीवरच बसला आणि आठ दिव्यांचा खोका त्यांच्या मांडीवर ठेवला.

“दादा, हा तुम्ही बघायचा. मला वर चढायला लागतं. दिवा लागला की ‘उतरा’ कोण ओरडणार? पोरं माझं ऐकतील न ऐकतील, तुमचं ऐकतील.”

हे खोक्याकडे बघत राहिले. “चौतीस वर्षांत मी कधी थर उतरवले नाहीत,” ते म्हणाले.

“म्हणून तर ऐकतील.”

हंडीच्या दिवशी हे खोका घेऊन मैदानाच्या मधोमध उभे. नवीन पांढरा सदरा, पायाला डॉक्टरने दिलेला पट्टा, हातात खोका, डोळे दिव्यांवर. वर काय चाललंय ते त्यांनी एकदाही बघितलं नाही. थर लागत गेले, लोक ओरडायला लागले, रिया शेवटच्या खांद्यावर उभी राहिली आणि तिचा हात हंडीपासून वीतभर खाली होता. तेव्हा सहाचा दिवा लागला.

वीतभर. मी ह्यांच्या शेजारीच होते.

“उतरा!” ते ओरडले. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

सगळे उतरले. गर्दीने हुर्यो केली. सहा नंबरवाला लालबुंद होऊन धावत आला. “दादा, काय केलंत? माझा गुडघा एकदम ओके होता!”

“मीपण हेच सांगत होतो,” हे म्हणाले.

हंडी दुसऱ्या मंडळाने फोडली. सहा नंबरवाला संध्याकाळपर्यंत रुसून होता, मग जिना उतरताना एकदा लंगडला आणि गुपचूप बर्फ मागायला आला.

या वर्षी मीही रिटायर झाले. मॅडमनी निरोपाला विचारलं, ताई, आठवण म्हणून काय देऊ? मी म्हटलं, एक पट्टी भरू द्या, माझ्यासाठी. ती मी ह्यांच्या मापाने भरली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. हे रोज सकाळी भाजी आणायला खाली जातात आणि येताना गुडघ्याला पट्टी, खिशात एका दिव्याची छोटी डबी. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कधी ‘दुखतंय’ हा शब्द तोंडातून काढला नाही, खिडकीच्या पट्ट्या घासून पायाला बांधल्या पण बायकोला सांगितलं नाही, तो माणूस आता दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भाजीची पिशवी खाली ठेवतो आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा ओरडतो, “दिवा लागला गं!”

मी चहा आणि स्टूल घेऊन खाली जाते. आम्ही तिथेच बसतो, जाणाऱ्या-येणाऱ्यांना पाय आखडून वाट देत. ही पट्टी मी पूर्ण दोन दिवस सुकू दिली आहे. तरीसुद्धा स्टूल प्लास्टिकचंच नेते.